माझ्या भावाविरुद्ध तक्रार मीच केली

"फडकं काढ, अरब कुत्रे!"

हे मला म्हटलं होतं. हिब्रूत. म्हणणारी बाई माझ्याच वयाची, चाळिशीतली, गोरी, हातात भाजीची पिशवी. तिने माझ्या डोक्यावरचं फडकं ओढलं, त्याबरोबर केसही ओढले गेले. फडकं कारखान्याचं होतं. पॅकिंगला बसणाऱ्या आम्ही सगळ्याच बायका ते बांधायचो, मालात केस पडू नयेत म्हणून. घाईत ते सोडायचं राहून गेलं होतं.

बेरशेबा, इस्रायलच्या दक्षिणेतलं शहर. दुपारचे साडेबारा. तासापूर्वी दोन रस्ते पलीकडे एका बसमध्ये बॉम्ब फुटला होता. हवेत जळक्या रबराचा वास होता. त्या बसमध्ये माझा भाऊ सॅमसन असेल की नसेल, ते मला माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलकडे धावत होते.

आम्ही तिथून अर्ध्या तासावर, वाळवंटातल्या येरुहाम गावी राहायचो. आई, मी आणि धाकटा भाऊ दानी. सॅमसन आमच्या मधला. तो खाली, एलात शहरातल्या एका हॉटेलात कपडे धुवायच्या खात्यात होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा, बेरशेबाला बस बदलून. आईसाठी हॉटेलातल्या छोट्या साबणाच्या वड्या घेऊन. त्या दिवशी तो यायचा होता. कारखान्यातल्या रेडिओवर बातमी लागली आणि माझे हात थांबले. कारखान्याची व्हॅन चालवणारा सालेम दारातच उभा होता. वाळवंटातल्या एका बेदुइन अरबांच्या गावचा. अकरा वर्षं आम्हाला ने-आण करत होता. त्याने काही विचारलं नाही. म्हणाला, "चल, मी नेतो."

रस्ते बंद होते. व्हॅन सोडून आम्ही पायी निघालो. आणि त्या कोपऱ्यावर लोकांनी आम्हाला घेरलं.

"मी यहुदी आहे!" मी ओरडले.

माझं हिब्रू मुंबईचं. नऊ वर्षांची असताना भायखळ्याहून आले, ते उच्चार तसेच राहिले. एक जण हसला. चष्मा लावलेला, चांगल्या शर्टातला माणूस. "यहुदी आहेस? मग श्मा म्हण."

श्मा ही आमची प्रार्थना. सकाळ-संध्याकाळ म्हणतो. मरणाऱ्याच्या कानाशीही म्हणतात. देव एक आहे, एवढंच तिच्यात आहे. मी ती त्या रस्त्यावर, केस सुटलेले, नाक गळत असताना म्हटली. परीक्षेला बसल्यासारखी. एक शब्द चुकला तर पुन्हा म्हणून दाखवला.

"हिंदुस्थानातली यहुदी दिसते," तो माणूस म्हणाला. "सोडा तिला." मग त्याने सालेमकडे बोट केलं. "आणि हा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणू शकले असते, हा माझा भाऊ आहे. सालेमचा रंग माझ्यासारखाच होता. कोणीही विश्वास ठेवला असता. मी म्हणू शकले असते, हा माझ्यासोबत आहे, मला मदत करायला आला आहे. तोंडातून काही आलं नाही. मी फडकं उचललं आणि दोन पावलं मागे सरले.

ती दोन पावलं मी अजून विसरले नाही.

त्याला मारताना मी पाहिलं. चष्मेवाला माणूस लाथ मारत होता, त्याच्या बुटाची नाडी सुटलेली होती. पोलीस येईपर्यंत सालेम जमिनीवर होता. एकदाही त्याने माझं नाव घेऊन हाक मारली नाही. मारली असती तर लोक माझ्यावर उलटले असते, म्हणून मारली नसेल. मी हॉस्पिटलकडे पळाले. त्याचा डावा डोळा गेला, हे मला आठवड्याने कारखान्यात कळलं.

हॉस्पिटलच्या शवागारात सॅमसनला मी अंगठ्यावरून ओळखलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख लहानपणी दारात सापडून मधोमध चिरलं होतं, ते कधी नीट आलं नाही. तिथल्या बाईने विचारलं, "आणखी काही बघायचंय?" मी नको म्हटलं.

सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. 'शिवा', म्हणजे आमचं सुतक. शेजारीपाजारी अंडी आणि मसूर घेऊन येत होते. आई बोलत नव्हती, मधेच फक्त म्हणायची, "तुझ्या बापाने आम्हांला इथे आणलंन." पुढे वाक्य नाही. माझे वडील रेवदंड्याकडचे. पवित्र भूमी म्हणत मुंबईची नोकरी सोडून आले, आणि इथे आल्यावर साहेबांनी त्यांना विचारलं की तुम्ही खरे यहुदी कशावरून. आजी-आजोबांची नावं मागितली. आमच्यातल्या कोणाचं लग्न असलं की पुन्हा मागायचे. वडील शेवटपर्यंत ते कागद छातीच्या खिशात ठेवायचे.

चौथ्या दिवशी दानी एका माणसाला घेऊन आला. दानी तेव्हा सव्वीस वर्षांचा. इथेच जन्मलेला. आई मराठीत बोलायची, तो हिब्रूत उत्तर द्यायचा. लष्करातून सुटल्यावर त्याला धड काम मिळालं नव्हतं. कधी पहारेकरी, कधी काहीच नाही. आलेला माणूस अमेरिकेहून आलेला होता. दाढी छान कातरलेली, कपड्यांना इस्त्री. तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि तिच्याशी इंग्रजीत बोलला. आईचं इंग्रजी मुंबईचं, 'थँक यू' आणि 'व्हेरी गुड' एवढंच. पण कोणी साहेब आपल्यासोबत खाली बसून इंग्रजी बोलतो, याने ती जराशी सावरली. त्याने सॅमसनचा फोटो मागितला. आईने दिला.

महिन्याभराने गावात भिंतीवर पोस्टर लागलं. सॅमसनचा चेहरा, खाली मोठ्या अक्षरांत: रक्ताची किंमत रक्त.

मी बस स्टॉपवर उभी राहून बघत राहिले. काहीतरी चुकीचं वाटत होतं, कळत नव्हतं काय. मग कळलं. त्यांनी त्याला गोरं केलं होतं. माझा सॅमसन, जो लहानपणी आईला विचारायचा की मी तव्यासारखा का, त्याचा चेहरा त्यांनी छापखान्यात उजळ करून घेतला होता. म्हणजे बघणाऱ्याचा गोंधळ नको. मेलेला कोण आणि मारणारा कोण, हे लांबूनच कळायला हवं.

मी ते पोस्टर नखांनी खरवडून काढलं. घरी दानीला विचारलं, "तुला हे दिसलं नाही?"

तो हिब्रूत म्हणाला, "छपाई आहे, ताई. छपाईत असं होतं."

ज्याने बॉम्ब नेला तो बसमध्येच मेला होता. त्याला सीमेपलीकडून आणून बेरशेबात उतरवून देणारा मात्र इथला होता. या देशाचा नागरिक. खिशात माझ्यासारखंच निळं ओळखपत्र. गाड्या दुरुस्त करायचा. त्याचा खटला चालला तेव्हा मेलेल्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आई गेली नाही. मी गेले.

मला वाटलं होतं, राक्षस दिसेल. बारीक अंगाचा एक तरुण बसला होता, नखांत काळं ग्रीस. मागच्या बाकावर त्याची आई. ती माझ्याकडे बघून डोळे खाली घालायची, मग पुन्हा बघायची.

सरकारी वकील वाचत गेले आणि मी ऐकत गेले. परदेशातल्या एका धर्मादाय संस्थेच्या नावाने त्याला पैसे आले होते. आधी बापाच्या औषधपाण्याला, मग नुसतेच. एका दुसऱ्याच देशातून फोन यायचे. फोनवरचा माणूस त्याला "बेटा" म्हणायचा. त्याने कॅसेटी पाठवल्या होत्या. आपल्या लोकांवर काय काय झालं, ते सगळं त्या कॅसेटींत. त्या मुलाला लहानपणी बाजारात पोलिसांनी भिंतीला उभं करून कपडे उतरवायला लावले होते. ते त्याने त्या माणसाला सांगितलं होतं. तेच त्या माणसाने धरलं. दर फोनला आठवण करून द्यायचा. न्यायाधीशांनी विचारलं, "तो माणूस कधी इथे आला होता?" तरुण म्हणाला, "नाही. त्याने बेरशेबा कधी पाहिलंच नाही."

मला त्याची दया आली नाही. खोटं सांगणार नाही. त्याने माझ्या भावाला मारणाऱ्याला गाडीत बसवलं, वाटेत त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेतली. पण 'कॅसेट' हा शब्द ऐकला आणि पुढचं मी ऐकलंच नाही. आमच्या घरात दानीच्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यात कॅसेटी होत्या.

घरी येऊन मी त्यातली एक लावली. अमेरिकेच्या त्या माणसाचा आवाज. हिब्रू, पण 'र' इंग्रजीतला. तो म्हणत होता, तुम्हाला दक्षिणेच्या वाळूत टाकलं, कारखान्यात राबवलं, तुमच्या बापाला कागद विचारले. आमच्या वडिलांचे कागद त्याला कसे माहीत? दानीने सांगितलं असणार. मग पुढे, त्याच आवाजात, त्याच दमात: आता तुमची वेळ आहे, त्यांना दाखवा कोण खरा यहुदी. या कामाला पैसे समुद्रापलीकडून येतील, काळजी करू नका.

दोन-तीन दिवसांनी दानी बाहेर असताना मी इमारतीखालची आमची स्टोअररूम उघडली. घडीच्या खाटेमागे गॅसचे दोन छोटे सिलिंडर, वायरी, खिळ्यांचे डबे. आणि वहीच्या कागदावर हाताने काढलेला नकाशा. एक बेदुइन गाव. मधे चौकोन, त्यावर लिहिलं होतं, दवाखाना. खाली: मंगळवार सकाळ.

त्या गावचा मंगळवार मला माहीत होता. सालेम दर मंगळवारी व्हॅन घेऊन उशिरा यायचा. मुलांना डोस द्यायला नर्स येते, बायकोला आणि बाळाला दवाखान्यात सोडून येतो, असं तो सांगायचा. आम्ही त्याच्यावर चिडायचो.

रविवार होता तो.

दानी संध्याकाळी आला. मी नकाशा टेबलावर ठेवला. आई आतल्या खोलीत झोपली होती. तो कागदाकडे बघत खुर्चीवर बसला. मग कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच मराठीत बोलला. त्याचं मराठी लहान मुलासारखं होतं, कारण तो लहान असतानाच त्याने ते सोडलं होतं.

"सॅमसनसाठी करतो मी."

"तिथे बाळं असतात, दानी."

"बसमध्ये पण होती."

"सॅमसनने तुला सांगितलं का असं करायला?"

त्याने कागद उलटा केला. मग हिब्रूत सुरू झाला, भराभर. "तू मला शिकवू नकोस. तू रस्त्यावर श्मा म्हणून सुटलीस. सगळ्या येरुहामला माहीत आहे. कोणी सांगेल आणि तू म्हणशील. मला शाळेत काळा म्हणत होते, लष्करात 'करी-पावडर' म्हणत होते. त्या अमेरिकेवाल्याच्या लोकांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की तू कोण. एकदाही! ते मला भाऊ म्हणतात."

"तो माणूस तुझ्यासोबत येणार आहे मंगळवारी?"

"त्याचं काम वेगळं आहे."

"कुठे आहे तो?"

नंतर कळलं, तो अमेरिकेचा माणूस शुक्रवारच्याच विमानाने परत गेला होता.

मी त्याच्या पायाशी बसले. मी त्याला वाढवला होता. आई कारखान्यात असायची, त्याला नाव लिहायला मी शिकवलं. मी म्हटलं, "ते सामान आत्ता माझ्यासोबत बाहेर काढ. मी कोणाला सांगणार नाही. उद्या सकाळपर्यंत काढ." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, ऐकलं. तो म्हणाला, "झोप, ताई."

सकाळी दहाला मी स्टोअररूममध्ये गेले. सामान तिथेच होतं. आणखी एक डबा वाढला होता.

पोलीस ठाणं आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं. मी किती वेळ चालले ते माहीत नाही. वाटेत दोनदा वळले. एकदा घरापर्यंत आले, जिना दिसला. मला सालेम जमिनीवर दिसत होता. माझी दोन पावलं दिसत होती. दोन पावलं मागे जायला किती सोपं असतं, ते मला ठाऊक होतं. कोणी ढकलावं लागत नाही.

ठाण्यात टेबलावरच्या तरुण पोलिसाने मान वर न करता म्हटलं, "झाडूवाल्यांनी मागच्या दाराने यायचं."

मी म्हटलं, "मी झाडूवाली नाही. असते तरी पुढच्या दारानेच आले असते. लिहून घे. माझा भाऊ उद्या सकाळी माणसं मारणार आहे."

त्याने मान वर केली.

दानीला दुपारी घरातून नेलं. आईसमोर. त्याने झटापट केली नाही. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. मला राग चालला असता. लहानपणी बालवाडीच्या फाटकात मी त्याला सोडून निघाले की तो जसा बघायचा, तसं बघितलं त्याने.

आईला सगळं समजायला दोन दिवस लागले. मग ती एवढंच बोलली. "एका मुलाला त्यांनी खाल्लंन. एकाला तू खाल्लंस." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चार वर्षं. मी ताट वाढायचे, ती जेवायची. मी पाठ चोळायचे, ती चोळून घ्यायची. शेजारणीला सांगायची, "तिला सांग, मीठ जास्त झालंय." मी तिथेच उभी असायचे. गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तोंड भिंतीकडे होतं.

दानीच्या खटल्यात मी साक्ष दिली. कॅसेट तिथे वाजवली गेली. वकिलांनी सांगितलं, त्या माणसाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे, त्याला आणणं कठीण आहे. बसच्या खटल्यातही फोनवरच्या माणसाबद्दल हेच म्हटलं होतं. दोन मुलं, दोन आवाज, समुद्रापलीकडे दोन मोकळी माणसं. त्यांच्यातल्या कोणी इथे राबून एक भाकरी खाल्ली नव्हती. आमचे अपमान मात्र त्यांना पाठ होते. आमचे खरे अपमान. त्यांनी ते खोटे रचले नव्हते, त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ज्यांनी आम्हाला मागच्या दाराने यायला सांगितलं, त्यांनीच या लोकांसाठी दार उघडून ठेवलं होतं.

दानीला तेरा वर्षं झाली.

खटला संपल्यावर मी सालेमच्या गावी गेले. पत्र्याचं घर, दारात शेळ्या. त्याला मारणाऱ्यांची फाइल साक्षीदार नाही म्हणून बंद झाली होती. मी म्हटलं, "मी साक्षीदार आहे. मी तिथे होते, आणि मी गप्प बसले. मी आज पोलिसांकडे लेखी दिलंय. चष्मेवाल्याचा चेहरा मी ओळखेन."

सालेमने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "आता दिलंस."

"हो. आता."

त्याची बायको पडद्यामागे होती. तिच्या कडेवर मूल होतं, तीनेक वर्षांचं. बेदुइनांच्या घरी परका आला तरी आधी कॉफी येते. मी तासभर बसले. कॉफी आली नाही. निघताना सालेम म्हणाला, "दवाखान्याबद्दल मला माहीत आहे." एवढंच. आभार नाहीत, माफी नाही. मी दोन्ही मागायला गेले नव्हते, असं स्वतःला सांगत बसस्टॉपपर्यंत आले आणि तिथे उन्हात बसून रडले.

चष्मेवाला सापडला. माझ्या साक्षीवर त्याला शिक्षा झाली, थोडी. गावात काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या दारावर कोणीतरी काळ्या रंगाने 'गद्दार' लिहिलं. मी ते पुसलं नाही. घरमालकाने पुसलं.

दर महिन्याला मी तुरुंगात जाते. बस, मग दुसरी बस, मग रांग. दानी जाड झालाय. केस पांढरे व्हायला लागलेत. आता तो माझ्याशी मराठीत बोलतो. म्हणतो, इथे तेवढंच एक माझं आहे, दुसऱ्या कोणाला कळत नाही.

गेल्या खेपेला त्याने काचेपलीकडून कागद दाखवला आणि पहारेकऱ्याच्या हाती माझ्याकडे पाठवला. लवकर सोडण्याचा अर्ज. घरच्यांनी लिहून द्यायचं की त्याला पश्चात्ताप झालाय आणि आम्ही त्याला घरात घेऊ. घरचं म्हणजे मी एकटी.

"सही करशील ना, ताई?"

"तुला पश्चात्ताप झालाय?"

"मी त्या माणसाचं ऐकायला नको होतं. माझी वर्षं गेली."

"आणि त्या बायका? ती बाळं?"

"ते झालंच नाही ना. कोणी मेलं नाही."

"मंगळवार आलाच नाही म्हणून मेलं नाही, दानी."

त्याने फोनची तार बोटाला गुंडाळली. लहानपणी तो असाच शर्टाची गुंडी पिळायचा. माझा जीव तुटला. काच नसती तर मी त्याला जवळ घेतलं असतं. मी साठीला आले आहे. घर रिकामं आहे. त्याच्यासाठी मी आतली खोली रंगवून ठेवली आहे, नवी गादी आणली आहे. तो यावा असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नाही.

मी म्हटलं, "त्या गावात जाऊन त्या बायकांसमोर उभं राहीन, मी काय करणार होतो ते सांगेन, असं तू ज्या दिवशी म्हणशील, त्या दिवशी मी सही करीन. त्याआधी नाही."

"आणि मी म्हटलंच नाही तर?"

"तर तेरा वर्षं पुरी कर. मी दर महिन्याला येईन."

त्याने फोन ठेवला. मी माझ्या बाजूचा फोन कानालाच धरून बसले, पहारेकऱ्याने वेळ संपली म्हणेपर्यंत. मग अर्ज त्याच्याकडे परत पाठवला. कोरा.